उसन्या मोटरची होडी

शिरूर आणि दौंड म्हटलं की पुण्यातल्या आयटीवाल्याला काय आठवतं? शिरूर म्हणजे नगर रोडचा ट्रॅफिक आणि रांजणगावचा गणपती. दौंड म्हणजे रेल्वे जंक्शन. होडी मात्र कोणालाच आठवत नाही.

पण जरा नकाशा उघडून बघा. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या मधून भीमा वाहते, बऱ्याच अंतरापर्यंत तीच त्यांची हद्द आहे. आपल्या पुण्याची मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ तिला येऊन मिळते. शिरूर गावाचं जुनं नावच मुळी घोडनदी. चिंचणीला घोड धरण आहे, दोन्ही नद्यांवर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. दौंड शहर भीमेच्या काठावर आहे आणि दौंड तालुका संपता संपता उजनी धरणाचा फुगवटा सुरू होतो. तिथून पुढे भिगवण आणि कुंभारगाव, जिथे आपण दरवर्षी फ्लेमिंगो बघायला जातो आणि शंभर फोटो काढून त्यातले चार फेसबुकवर टाकतो :)

म्हणजे पाणी भरपूर, आणि तेही बहुतेक दिवस संथ. मासेमारी आहे, या काठावरून त्या काठावर जाणारी माणसं आहेत, पक्षी दाखवणारे नावाडी आहेत. आणि यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात सध्या एकच प्रश्न घोळतोय: डिझेल-पेट्रोल परवडत नाही, वल्हं मारून खांदे जातात, मग बॅटरीवर चालणारी मोटर बसवली तर? आणि बसवायची तर स्वस्तात कुठले पार्ट घ्यायचे?

मलाही हा प्रश्न गेल्या काही महिन्यांत दोघा-तिघांनी विचारला. मी पडलो सॉफ्टवेअरवाला, पण डिग्री इलेक्ट्रिकलची आहे एवढं मित्रांच्या लक्षात असतं. उत्तर शोधायला एका शनिवारी बसलो आणि किमती बघता बघता थेट १८३८ सालात जाऊन पोहोचलो. आणि मग लक्षात आलं की "स्वस्तात कुठला पार्ट" हा प्रश्न मुळात इतिहासाचाच आहे. तर मंडळी, आज तोच इतिहास.

राजाच्या पैशावर चाललेली होडी

सप्टेंबर १८३८. रशियाची तेव्हाची राजधानी सेंट पीटर्सबर्ग, नेवा नदी. मॉरिट्झ याकोबी नावाच्या जर्मन इंजिनिअरने सुमारे आठ मीटर लांबीची होडी पाण्यात सोडली. होडीत डझनभर माणसं, दोन बाजूंना पाणी ढकलणारी चाकं, आणि ती फिरवायला विजेची मोटर. फॅरेडेने विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावून जेमतेम सात वर्षं झाली होती हे लक्षात घ्या. डायनॅमो नाही, चार्जिंग नाही. बॅटरी म्हणजे तांब्या-जस्ताच्या ३२० जोड्या. वेग ताशी दोन-अडीच किलोमीटर. चालत जाणारा माणूस सहज पुढे निघून जाईल!

पुढच्या वर्षी याकोबीने बॅटरी बदलली. ग्रोव्ह सेल नावाचा नवा प्रकार आला होता, त्याच्या साठ-सत्तर सेलमध्ये काम भागलं आणि वेग चार किलोमीटरच्या आसपास गेला. पण या सेलमध्ये जस्ताबरोबर प्लॅटिनम लागायचं, आणि नायट्रिक आम्लामुळे त्यातून तपकिरी विषारी वाफा निघायच्या. खर्च कोणी केला? खुद्द झार निकोलस पहिला याने. प्लॅटिनम लावून होडी चालवायची म्हणजे मागे सम्राट हवाच.

इथे महत्त्वाचा मुद्दा असा, की याकोबीची मोटर बऱ्यापैकी चालली. मार खाल्ला तो बॅटरीने. त्या काळच्या बॅटरीत जस्त अक्षरशः जळायचं. वाफेच्या इंजिनात जसा कोळसा संपतो तसं जस्त संपायचं आणि नवीन घालावं लागायचं. जेम्स जूल, ज्याच्या नावाचं एकक आपण शाळेत घोकलं, त्याने १८४० च्या दशकात चक्क हिशोबच मांडला. एक पौंड कोळसा चांगल्या वाफेच्या इंजिनात जेवढं काम करतो, त्याच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढंच काम एक पौंड जस्त करतं, तेही सगळं उत्तम जुळून आलं तर. आणि जस्त कोळशापेक्षा कितीतरी महाग. संपला विषय!

विजेची होडी पुढची चाळीस वर्षं प्रयोगशाळेतच अडकली, ती या एका हिशोबामुळे.

दुसऱ्यांच्या धंद्यातून आलेले पार्ट

कोंडी कशी फुटली ते बघण्यासारखं आहे, कारण ती होडीवाल्यांनी फोडलीच नाही.

१८५९ मध्ये फ्रान्सच्या गास्तों प्लांतेने शिशाची, पुन्हा पुन्हा चार्ज होणारी बॅटरी बनवली. १८८१ मध्ये कामिल फोरने शिशाच्या पत्र्यावर ऑक्साइडचा लेप देऊन तिची क्षमता वाढवली आणि कारखान्यात बनवणं सोपं केलं. आज आपल्या गाडीत आणि घरच्या इन्व्हर्टरखाली असते ती याच बॅटरीची नातवंडं. आता ही बॅटरी मोठ्या प्रमाणावर कोणाला हवी होती? दिवेवाल्यांना. विजेचे दिवे नुकतेच आले होते, दिवसा वीज साठवून रात्री वापरायची होती. होडीसाठी कोणी बॅटरीचा कारखाना काढला नव्हता.

त्याच १८८१ सालच्या मे महिन्यात पॅरिसच्या सीन नदीवर गुस्ताव त्रूव्हेने आपली पाच मीटरची होडी चालवली. त्रूव्हे होता उपकरणं बनवणारा कारागीर. डॉक्टरांसाठी शरीराच्या आत उजेड पाडणारी यंत्रं, विजेचे दागिने असल्या छोट्या, नाजूक वस्तू तो बनवायचा. त्यामुळे त्याची मोटरही छोटीच, सुमारे पाच किलोची. तशीच मोटर त्याने आदल्या महिन्यात तीनचाकी सायकलवर लावून बघितली होती. होडीत त्याने ती सुकाणूवरच बसवली, काम झालं की सुकाणूसकट उचलून घरी. आज ज्याला आपण आउटबोर्ड मोटर म्हणतो तिचा जन्म हा. आणि होडीचं नाव काय ठेवलं माहितीये? 'टेलिफोन'! तेव्हाचं सगळ्यात फॅशनेबल गॅजेट तेच होतं ना.

पुढच्याच वर्षी, १८८२ मध्ये, लंडनच्या थेम्सवर 'इलेक्ट्रिसिटी' नावाची २५ फुटी होडी आली. तिच्यात शिशाच्या ४५ बॅटऱ्या होत्या, आणि त्या पुरवणारी कंपनी मुळात दिव्यांसाठी बॅटऱ्या बनवणारी. १८८८-८९ च्या सुमारास मॉरिट्झ इम्मिशने थेम्सवर चक्क तरंगती चार्जिंग स्टेशनं सुरू केली. आज आपण मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर चार्जर कुठे आहे म्हणून ॲप उघडतो, त्याच्या १३० वर्षं आधी लंडनची श्रीमंत मंडळी नदीत चार्जर शोधत होती. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात (हो, विवेकानंदांचं भाषण झालं त्याच वर्षी, त्याच निमित्ताने) पन्नासहून जास्त इलेक्ट्रिक होड्यांनी दहा लाखांवर लोकांना सैर घडवली. त्या बनवणारी एल्को कंपनी पुढे आयझॅक राईस नावाच्या उद्योगपतीकडे गेली. हा राईस मूळचा बॅटरी कंपनीचा मालक. त्या बॅटऱ्यांचं १९०० साली ठेवलेलं ब्रँडनेम होतं एक्साइड. आपल्याकडे गॅरेजच्या पाटीवर दिसणारं नाव इतकं जुनं आहे!

आणि मग पेट्रोल आलं. १९०९ मध्ये ओल एव्हिनरूडने पेट्रोलची आउटबोर्ड मोटर विकायला आणली आणि विजेच्या होडीचा बाजार बसला. कारण पुन्हा तेच. पेट्रोलच्या एका डब्यात जेवढी ऊर्जा मावायची, तेवढी शिशात साठवायची तर होडीत माणसांना जागाच उरली नसती. एल्को स्वतः पुढे पेट्रोल इंजिनच्या युद्धनौका बनवायला लागली. दुसऱ्या महायुद्धात जॉन केनेडी ज्या बोटीचा कॅप्टन होता ती पीटी-१०९ एल्कोचीच.

विजेची मोटर जिवंत राहिली ती एका कोपऱ्यात, आणि ती गोष्ट माझ्या सगळ्यात आवडीची आहे. १९३४ साल, अमेरिकेतलं फार्गो गाव, मंदीचे दिवस. ओ. जी. श्मिट नावाच्या माणसाने फोर्डच्या मॉडेल ए गाडीचा स्टार्टर काढला, त्याला दांडा आणि पंखा लावला आणि मासेमारीच्या होडीला जोडला. गाडीचा स्टार्टर! लाखांनी बनलेला, भंगारात सहज मिळणारा, ६ व्होल्टवर चालणारा. त्यातून उभी राहिलेली मिन कोटा ही कंपनी आजही मासेमारीच्या इलेक्ट्रिक मोटरी विकते.

दिसतंय का सूत्र? याकोबीने सगळं खास होडीसाठी बनवलं आणि त्याला झार लागला. श्मिटने दुसऱ्याच्या धंद्यातला पार्ट उचलला आणि त्याला भंगारवाला पुरला. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर इलेक्ट्रिक होडीने स्वतःची लायब्ररी कधी लिहिलीच नाही, कायम दुसऱ्याचीच इम्पोर्ट केली. होडीचा बाजार इतका लहान आहे की तिच्या एकटीसाठी कुठलाच पार्ट स्वस्त होत नाही. दिवे, टेलिफोन, मोटरगाड्या यांच्यासाठी काहीतरी लाखांनी बनायला लागलं, की मग होडी एक पाऊल पुढे सरकते.

आता भीमेवर या

हे सूत्र घेऊन शिरूर-दौंडच्या बाजारात फिरलं की गंमत दिसते. गेल्या वीस वर्षांत तीन वेगवेगळ्या कारणांनी तीन प्रकारचे पार्ट तालुक्याच्या दुकानापर्यंत पोहोचलेत, आणि तिन्हींचा होडीशी काडीचा संबंध नाही.

पहिलं कारण भारनियमन. २००५ नंतरची काही वर्षं आठवा. ग्रामीण महाराष्ट्रात तासन्‌तास वीज जायची. आमची पिढी तेव्हा शाळेत होती, इन्व्हर्टर असलेल्या मित्राच्या घरी अभ्यासाला जायचं हे नेहमीचं. त्या अंधाराने गावोगावी इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी पोहोचवली. ही बॅटरी गाडीच्या बॅटरीसारखी दोन सेकंद जोर लावून झोपणारी नाही, ती हळूहळू, तासन्‌तास वीज द्यायलाच बनवलेली असते. म्हणजे होडीला लागते तशी.

दुसरं कारण ई-रिक्षा. यात आपल्या भागाचा हात आहे, हे फार लोकांना माहीत नसतं. दौंडहून फार लांब नसलेल्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांच्या गटाने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सायकलरिक्षा सुधारण्यावर आणि बॅटरीवरच्या रिक्षेवर काम केलं. पुढे दिल्ली आणि उत्तर भारतात ई-रिक्षांचा पूर आला, २०१४ मध्ये केंद्राने नियम केले, मोटरची मर्यादा २००० वॅट ठरवली. परिणाम असा की ४८ व्होल्ट, १००० वॅटच्या आसपासची ब्रशलेस मोटर आणि तिचा कंट्रोलर आज कुठल्याही मोठ्या गावात मिळतो, आणि बिघडला तर दुरुस्त करणारा माणूसही मिळतो.

तिसरं कारण सौर पंप. २०१९ ची केंद्राची कुसुम योजना, २०२४ ची राज्याची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना, यांमुळे डीसी विजेचं सामान म्हणजे डीसी एमसीबी, उन्हा-पावसात टिकणाऱ्या केबल, पाणी न शिरणारे कनेक्टर हे शेतापर्यंत आलं. पूर्वी यातल्या प्रत्येक वस्तूसाठी पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली गाठावी लागायची.

चौथं, थोडं लांबून आलेलं कारण म्हणजे लिथियम. जगभर इलेक्ट्रिक गाड्यांसाठी कारखाने उभे राहिले आणि २०१० मध्ये किलोवॅट-तासाला हजार डॉलरच्या वर असलेली लिथियम पॅकची जागतिक सरासरी किंमत २०२४ मध्ये ११५ डॉलरवर आली, असं ब्लूमबर्ग एनईएफचं सर्वेक्षण सांगतं. जूलने जस्ताचा हिशोब मांडून होडी बुडवली होती, या आकड्याने ती पुन्हा तरंगायला लागली.

दोन प्रश्न

मग झालं की! ई-रिक्षेची मोटर, इन्व्हर्टरची बॅटरी, सौर पंपाचा एमसीबी, होडीला जोडा आणि निघा. नाही ना! इथेच खरी मेख आहे. कारण पार्ट स्वस्त का आहे हा पहिला प्रश्न झाला. दुसरा प्रश्न विचारायचाच राहतो: मूळच्या धंद्यात या पार्टला काय कधीच सोसावं लागलं नाही?

मोटर घ्या. रिक्षा सिग्नलला थांबते, प्रवासी उतरवते, उताराला नुसती घरंगळते. मोटरला मध्ये मध्ये गार व्हायला वेळ मिळतो. होडीच्या पंख्याला सिग्नल नसतो. दोन तास म्हणजे सलग दोन तास पाणी कापायचं. त्यामुळे रिक्षेला १००० वॅटची म्हणून विकलेली मोटर होडीत ५००-६०० वॅटवर चालवायची असंच धरून चालावं. कंट्रोलरचंही तेच. वेष्टणावरचा मोठा आकडा बहुतेक वेळा काही सेकंदांचा असतो, आपल्याला पाहिजे तो सलग चालण्याचा आकडा. शिवाय रिक्षेची मोटर मिनिटाला ३००० च्या आसपास फेरे मारते, तर संथ चालणाऱ्या जड होडीला मोठा पंखा हळू फिरवलेलाच मानवतो. त्यामुळे मधे पट्टा किंवा गिअर घालून फेरे तिसऱ्या हिश्शावर आणावे लागतात.

५००-६०० वॅट म्हणजे अगदीच कमी वाटतात? इथे पाण्याचं गणित कामाला येतं. साधारणपणे होडीचा वेग दुप्पट करायचा तर ताकद आठपट लागते. समजा चार-पाच माणसांची होडी ६०० वॅटमध्ये ताशी ५ किलोमीटर जाते आणि बॅटरीत ४ किलोवॅट-तास वापरण्याजोगे आहेत. म्हणजे साडेसहा तास आणि ३३ किलोमीटर. आता वेग १० करा: ४८०० वॅट, ५० मिनिटं, ८ किलोमीटर. खेळ खलास. त्यामुळे मोठ्या मोटरवर पैसे घालण्यात फारसा अर्थ नाही, सगळ्यात स्वस्त पार्ट म्हणजे धीर. :)

बॅटरीचा प्रश्न जरा तपशिलात बघू, कारण एकूण खर्चातला मोठा वाटा तिचाच. दुकानात शिसं स्वस्त दिसतं. १५० अँपिअर-तासाच्या चार ट्युब्युलर बॅटऱ्या म्हणजे ४८ व्होल्टला कागदावर ७.२ किलोवॅट-तास. पण शिशाची बॅटरी रोज अर्ध्याच्या खाली नेली की तिचं आयुष्य भराभर कमी होतं, म्हणजे हाती ३.६ उरले. वजन? चार मिळून २०० किलोच्या वर. इन्व्हर्टर तर भिंतीला टेकून बसलेला असतो, त्याला वजनाचं सोयरसुतक नाही. होडीत २०० किलो म्हणजे तीन प्रवासी. तेवढीच वापरण्याजोगी वीज देणारा लिथियम आयर्न फॉस्फेटचा ५१ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाचा पॅक ५० किलोच्या आसपास असतो आणि आरामात दोनेक हजार वेळा चार्ज होतो. शिवाय भिगवणचा पक्ष्यांचा हंगाम हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत. पावसाळ्यात होडी काठावर. शिशाची बॅटरी अर्धवट उतरलेली तशीच चार महिने पडली की सल्फेट धरून खराब होते, लिथियम अर्धी भरलेली निवांत पडून राहते. प्रवाशामागे आणि फेरीमागे हिशोब केला तर दुकानातलं स्वस्त इथे महाग पडतं.

पण लिथियमचा एक स्वभाव नावाड्याला आधी सांगायला हवा. शिसं उतरत आलं की होडी हळूहळू मंदावते, माणसाला कळतं. लिथियमचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट, आणि मग आतलं संरक्षण सर्किट एकदम कनेक्शन तोडतं. मोटर क्षणात बंद. स्कूटर असेल तर बाजूला घेऊन ढकलता येते. फुगवट्याच्या मध्यावर काय ढकलणार? त्यामुळे साधा व्होल्टमीटर कामाचा नाही. शंट लावून आलेला-गेलेला करंट मोजणारा मीटर बसवायचाच, आणि वल्हं होडीतून काढायचं नाही.

व्होल्टेज ४८ च का? १००० वॅटला १२ व्होल्टवर ८३ अँपिअर करंट लागतो, ४८ वर २१. वायर तीच ठेवली तर वायरमध्ये उष्णतेत जाणारी वीज १६ पटीने कमी. तांब्याचे पैसे वाचतात. आणि ४८ हा आकडा टेलिफोन एक्स्चेंजपासून ई-रिक्षेपर्यंत सगळ्यांनी वापरून वापरून स्वस्त करून ठेवलाय. त्रूव्हेच्या 'टेलिफोन'ला टेलिफोनने दिलेली ही उशिराची भेट म्हणा.

आता सगळ्यात लहान आणि सगळ्यात धोक्याचा पार्ट: फ्यूज आणि एमसीबी. घरातला एमसीबी एसीसाठी असतो. एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे संपर्क तुटताना उडालेली ठिणगी आपोआप विझते. डीसी कधीच शून्यावर येत नाही. घरचा एमसीबी डीसीवर जड करंट तोडायला गेला तर आत ज्वाळा धरून ठेवू शकतो, आणि आपण समजतो की बंद झालं. म्हणून एमसीबी डीसीचाच हवा. सौर पंपाचा चालेल का? तर त्याला पॅनेलचा करंट माहीत आहे, आणि पॅनेल शॉर्ट झालं तरी ठरावीक मर्यादेपलीकडे करंट देऊच शकत नाही. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर ओतू शकते. म्हणून एमसीबीच्या आधी, बॅटरीच्या अगदी टोकाशी, एवढा करंट तोडण्याची क्षमता लिहिलेला डीसी फ्यूज. डीसी एमसीबीला धन-ऋण बाजूही असतात, काहींची बाजू उलटली तर त्याचा उपयोग शून्य. या दोन वस्तूंवर वाचवलेले पैसे एकूण खर्चात दिसतही नाहीत, पण आग लागली तर होडीतून उतरून पळायला जागा नसते.

वायरची टोकं पक्कडने दाबायची नाहीत, हायड्रॉलिक प्रेसने दाबून वर श्रिंक स्लीव्ह घालायची. आणि नावाड्याच्या मनगटाला दोरी बांधलेला बंद करायचा स्विच, म्हणजे माणूस पाण्यात पडला तर पंखा थांबेल. कोकणच्या मानाने आपलं एक बरं आहे की भीमेचं पाणी खारं नाही, त्यामुळे जोड लवकर सडत नाहीत.

स्वस्त म्हणजे किती

हे सगळं मी इतकं रेटून का सांगतोय, त्याला कारण आहे. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे येणारी बोट उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. तिथे घात केला तो वाऱ्याने. पण उजनीचं पाणी काय चीज आहे ते त्या संध्याकाळी सगळ्यांना दिसलं. सकाळी आरशासारखं असणारं हे पाणी मे महिन्यातल्या दुपारनंतर अर्ध्या तासात रंग बदलतं. अशा वेळी समोरून वारा घेत काठ गाठायला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट ताकद लागते. म्हणून बॅटरीचा निदान तिसरा हिस्सा कधीच हिशोबात धरायचा नाही, तो वाऱ्याच्या नावाने बाजूला ठेवायचा. आणि मोटरचा खर्च मांडताना माणशी एक लाइफ जॅकेट पहिल्या ओळीत लिहायचं.

कायद्याचंही बघा. १९१७ सालच्या इंग्रजी अमदानीतल्या मूळ कायद्याच्या नावातच वाफेची जहाजं होती. २०२१ मध्ये नवा अंतर्देशीय जलयान कायदा आला, आणि यंत्राने चालणारी नाव त्याच्या कक्षेत येते, मग यंत्र डिझेलचं असो की विजेचं. धरणाच्या पाण्यात जलसंपदा विभागाचीही परवानगी लागते. भीमेत वाळू उपसणाऱ्या यांत्रिक बोटी महसूल खात्याने जिलेटिन लावून उडवल्याच्या बातम्या शिरूर-दौंडकरांना नवीन नाहीत, त्यामुळे मोटर लावलेल्या होडीकडे तिथे आधी संशयानेच पाहिलं जाणार. कागद हातात असलेले बरे.

मोठ्या प्रमाणावर हे जमतं का? जमलंय. केरळमध्ये राज्य जलवाहतूक खात्याची 'आदित्य' ही ७५ आसनांची सौर फेरीबोट जानेवारी २०१७ पासून वायकोम आणि तवनकडवू यांच्या दरम्यान धावायला लागली. कोचीच्या नवाल्ट कंपनीने ती बांधली. २० किलोवॅटच्या दोन मोटरी, लिथियम बॅटरी, छतावर सौर पॅनेल. २०२० मध्ये तिला इलेक्ट्रिक बोटींचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि त्या पुरस्काराला नाव आहे गुस्ताव त्रूव्हेचं. त्याची पाच मीटरची होडी केरळला पोहोचायला १३६ वर्षं लागली असं म्हणायला हरकत नाही.

केरळमागे सरकार होतं. कुंभारगावच्या नावाड्यामागे ना झार आहे, ना राज्य जलवाहतूक खातं. त्याच्यामागे आहेत भारनियमनाने आणलेले बॅटरीवाले, ई-रिक्षेचे मेकॅनिक आणि सौर पंपाचे फिटर, आणि ही फौज १९३४ च्या श्मिटकडे होती त्यापेक्षा कितीतरी चांगली आहे. डिझेलचा धडधडाट न करता पाण्यावरून सरकणारी होडी फ्लेमिंगोंच्या आणखी थोडी जवळ जाईल, प्रवाशाला पक्ष्यांचा आवाज ऐकू येईल, आणि संध्याकाळी हिशोब करताना इंधनाचे पैसे नावाड्याच्या खिशात राहतील.

तेव्हा कोणी यादी मागितली तर मी आता ब्रँड आणि मॉडेल नंबर सांगत नाही. प्रत्येक पार्ट हातात घेऊन ते दोन प्रश्न विचारायला सांगतो. हा कोणामुळे स्वस्त झाला? आणि तिथे त्याला काय सोसावं लागलं नाही? पहिल्या उत्तरावरून दुकान कळतं, दुसऱ्या उत्तरावरून तो पार्ट किती मोठा घ्यायचा ते. आणि फ्यूज, एमसीबी, लाइफ जॅकेट यांच्या बाबतीत घासाघीस करायची नाही. तेवढे पैसे मोटरच्या वॅटमधून कापा, होडी जरा हळू जाईल इतकंच.